तळमजल्यावर राहायला जाणे म्हणजे आशा सोडणे का?

अबोली (सहकारनगर, पुणे)

नमस्कार. हा प्रश्न औषधोपचारांविषयी नाही. त्यासाठी आमचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. प्रश्न माझ्या मनाचा आहे. घरात तो काढला की दोन वाक्यांतच कोणाचे तरी डोळे भरून येतात किंवा कोणीतरी विषय बदलते, म्हणून इथे लिहीत आहे.

माझ्या यजमानांना १४ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडल्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि वाचा या तिन्हींवर परिणाम झाला. आज ते चौपायी काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बाथरूमपर्यंत जातात, डाव्या हाताने जेवतात. उजवा हात खांद्यातून थोडा उचलला जातो, पण बोटे अजिबात उघडत नाहीत. बोलणे दहा-बारा शब्दांपुरते आहे आणि त्यातलाही हवा तो शब्द हव्या त्या वेळी येईल याची खात्री नसते. ‘चहा’ म्हणायचे असते आणि तोंडातून ‘चावी’ येते. आपण चुकलो हे त्यांच्या लक्षात येते, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवत नाही. नवल म्हणजे गणपतीची आरती मात्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय म्हणतात. त्यामुळे नातेवाईक म्हणतात, ‘बघा, बोलता येते त्यांना, फक्त मनावर घेत नाहीत.’

आधीचे आयुष्य सांगितल्याशिवाय माझी अडचण नीट कळणार नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी मोडी लिपी शिकून घेतली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी, असे ते नेहमी म्हणत. उरलेली वर्षे मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करण्यात घालवायची, असे त्यांनी ठरवले होते. पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग आंघोळ, पूजा, आणि दुपारी टेबलापाशी भिंग घेऊन वाचन. ते टेबल अजून तसेच आहे. मी रोज पुसते, पण त्यावरचा एकही कागद हलवलेला नाही.

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि पुनर्विकासाची चर्चा सभासदांच्या बैठकांपलीकडे गेलेली नाही. खाली उतरायला ३४ पायऱ्या आहेत. १४ महिन्यांत हे फक्त ११ वेळा खाली उतरले, तेही तपासणीसाठी, आणि प्रत्येक वेळी ब्युरोचे मामा (रुग्णाची देखभाल करायला येणारे मदतनीस) व शेजारचा मुलगा यांनी खुर्चीसकट उचलून नेले. आता आमच्या मुलाने मागच्या गल्लीत तळमजल्यावर भाड्याची जागा शोधली आहे. आमची जागा भाड्याने दिली तर त्यात हे भाडे जवळजवळ भागते, त्यामुळे पैशांचीही मोठी अडचण नाही. तरीही मी त्याला दोनदा नाही म्हटले.

कारण सांगायला संकोच वाटतो. यांना घरी आणले त्या आठवड्यात मी पर्वतीच्या देवदेवेश्वराला मनोमन बोलले होते, की हे आपल्या पायांनी हा जिना उतरतील तेव्हा त्यांच्यासकट दर्शनाला येईन, तोवर एकटी येणार नाही. तेव्हापासून मी पर्वती चढलेले नाही. तळमजल्यावर जायचे म्हणजे हे कधीच जिना उतरणार नाहीत असे मी स्वतःच्या सहीने मान्य करायचे, असे मला वाटते. त्यातच एक बोचणी आहे. त्या रात्री दोनच्या सुमारास हे पाणी प्यायला उठले होते आणि माझ्याशी नीट बोलले होते. साडेपाचला मी हाक मारली तेव्हा सगळे घडून गेलेले होते. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला रुग्णालयात कळले. मधल्या वेळात एकदा जरी जागी झाले असते तर, हा विचार अजूनही रोज पहाटे येतो.

ज्यांनी घरी असे काही पाहिले आहे त्यांना विचारते, की कोणती अपेक्षा धरून ठेवायची आणि कोणती सोडायची हे तुम्हाला कसे कळले? आणि मी अपेक्षा सोडली हे यांना कळले तर ते खचणार नाहीत का?

मुठाकाठ (नारायण पेठ)

ताई, माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे आणि तोही तुमच्यासमोर असावा असे वाटते.

माझ्या आईला झटका आला तेव्हा आम्ही फार लवकर ‘मान्य’ केले. पाचव्या महिन्यात घरी आलेल्या एका जाणत्या माणसाने सांगितले, की सहा महिन्यांत जे यायचे ते येते, नंतर काही येत नाही, तेव्हा आता तिला उगाच त्रास देऊ नका. आम्ही सगळे दमलेले होतो. ते वाक्य आम्हाला शहाणपणाचे वाटले, कारण त्या वेळी ते आमच्या सोयीचे होते. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना आम्ही यायला नको म्हणून सांगितले. पुढच्या वर्षभरात आईचा खांदा आखडला, बोटे मुठीत वळून घट्ट झाली, नखे तळव्यात रुतायला लागली आणि साधा हात धुवायचा म्हटले तरी ती ओरडायची. हात कामाला आला नसता हे कदाचित खरे असेल, पण तो दुखायला नको होता. ते दुखणे आमच्या हातून झाले, असे मी आजही मानतो.

म्हणून ‘वास्तव स्वीकारा’ असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, की स्वीकारल्यानंतर उद्या सकाळी नेमके काय बंद होणार आहे? जर व्यायाम, बोलण्याचा सराव किंवा औषध बंद होणार असेल, तर तो स्वीकार नको.

आता तुमच्या जिन्याविषयी. आमचे घर वाड्यात होते आणि जिना लाकडी, उभा आणि अंधारा होता. खालची खोली घ्यावी असे आम्ही वर्षभर बोलत होतो. आई त्या जिन्यात पडली, लुळ्या बाजूचे खुब्याचे हाड मोडले, आणि त्यानंतर आम्ही खालची खोली घेतली. पडल्यानंतर ती पुन्हा चालली नाही. जी जागा आठ दिवसांत मिळाली ती आम्हाला वर्षभर आधीही मिळाली असती. तुम्ही पडण्याची वाट पाहू नका, एवढेच कळकळीने सांगतो.

निर्मळ वाट (कोथरूड)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि २२ वर्षे पक्षाघाताचे रुग्ण पाहते आहे. तुमच्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे त्यांना पाहणाऱ्या तज्ज्ञांशी ताडून घ्यावे.

मुठाकाठ यांनी सांगितलेला सहा महिन्यांचा समज फार पसरलेला आहे. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो घातक ठरतो. मेंदूतली सूज उतरणे, जखमेच्या कडेच्या पेशी पुन्हा कामाला लागणे आणि शाबूत भागांनी गेलेल्या भागांची काही कामे उचलणे, या गोष्टी पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होतात. नंतर वेग बराच मंदावतो, पण कोणत्याही ठरावीक तारखेला दार बंद होत नाही. शिवाय हाताचा, पायाचा आणि वाचेचा वेग एकसारखा नसतो. त्यामुळे ‘हे बरे होतील का’ या एका प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही, आणि आपण मात्र ते एकच उत्तर मागत राहतो.

हाताविषयी स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही स्पष्ट विचारले आहे. १४ महिन्यांनंतरही बोटे मुळीच उघडत नसतील, तर त्या हाताने लेखणी धरण्यासारखे नाजूक काम होण्याची शक्यता फार कमी असते. चांगला हात दिवसातला बराच वेळ मोज्यात बांधून ठेवून दुसऱ्याला काम करायला लावण्याची एक उपचारपद्धती आहे आणि ती काही जणांना खरोखर उपयोगी पडते. परंतु मनगट आणि बोटे आपली आपण थोडी तरी उचलता येत असतील तरच तिचा उपयोग होतो. नाही तर माणूस दिवसभर नुसता हतबल होऊन बसतो. तुमच्या बाबतीत हाताचे ध्येय बदलावे असे मला वाटते. तो हात मऊ, स्वच्छ आणि न दुखणारा राहिला पाहिजे. उठवताना-बसवताना त्याला कोणीही ओढू नये, कारण लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली सरकतो. आणि त्याला मदतनिसाचे काम द्यावे. टेबलावर उजवा हात कागदावर ठेवला की त्याच्या वजनाने कागद हलत नाही आणि डाव्या हाताला लिहिता येते. हे काम कमी प्रतीचे नाही. ज्या हाताला काम असते त्याकडे माणसाचे लक्ष राहते आणि तो जपला जातो.

वाचेचे वेगळे आहे. यजमानांना जे झाले आहे त्याला वाचाघात म्हणतात. आरती म्हणता येते, वार आणि आकडे ओळीने म्हणता येतात, पण पाणी मागता येत नाही, हे या आजारात नेहमी दिसते. वर्षानुवर्षे घोकलेले शब्द एका साखळीसारखे आपोआप बाहेर पडतात, तर नवे वाक्य दर वेळी शब्द शोधून जुळवावे लागते, आणि जखम नेमकी त्या जुळवणीवर झालेली असते. तेव्हा ‘मनावर घेत नाहीत’ हा आरोप कृपा करून घरातून काढून टाका. तो ऐकणाऱ्याला किती लागत असेल याची आपल्याला कल्पना येत नाही. उलट त्या आरतीचा उपयोग होतो. चालीवर म्हटलेले छोटे वाक्य बोलण्याच्या वाटेवर आणता येते का, हे वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारा. योग्य सराव असेल तर वाचेत वर्षांनंतरही भर पडलेली मी पाहिली आहे. इथे आशा धरून ठेवा.

आता जिना. आमच्या क्षेत्रात १९६५ पासून वापरात असलेली बार्थेल नावाची एक मोजपट्टी आहे. खाणे, आंघोळ, दाढी-विंचरणे, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत येणे, चालणे आणि जिना अशा १० गोष्टींना मिळून तिच्यात १०० गुण असतात. त्यात जिन्याला १० गुण आहेत. अबोलीताई, तुम्ही १४ महिने त्या १० गुणांकडे पाहत आहात, आणि तुमच्या नकळत उरलेले ९० त्या जिन्यामागे अडले आहेत. वर्षाला नऊ-दहा वेळा खुर्चीतून उचलून नेणे हा जिन्याचा सराव नव्हे. तळमजल्यावर ते रोज अंगणात, गल्लीच्या टोकापर्यंत, खडबडीत जमिनीवर चालतील. चालणे सुधारते ते अशाच पुनरावृत्तीने. जिन्याच्या सरावाला तीन पायऱ्या पुरतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. आणि उजवा हात धरत नसल्याने कठडा जाताना-येताना दोन्ही वेळा त्यांच्या डाव्या हाताला मिळाला पाहिजे, म्हणजेच तो पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हवा. बहुतेक घरांत तो एकाच बाजूला बसवतात आणि मग माणूस वर जातो पण खाली यायला घाबरतो.

त्या रात्रीविषयी एकच. झोपेत आलेल्या झटक्यात नेमकी वेळ कोणालाच कळत नाही. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ डॉक्टर धरतात. तुम्ही जागे होतात तेव्हा ते धडधाकट होते. झोपलेल्या माणसाचा झटका बाहेरून दिसत नाही, शेजारी जागे बसले तरी अनेकदा दिसत नाही. या हिशेबात तुमची चूक शोधायला जागा नाही.

सांजवात (औंध)

एक व्यावहारिक गोष्ट सुचवते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्यात हातापायांच्या अपंगत्वाबरोबर वाचाघाताने येणाऱ्या वाचेच्या अपंगत्वाचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के प्रमाण लागते. वडिलांच्या वेळी तो अर्ज माझ्या कपाटात वर्षभर पडून होता, कारण त्यावर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता आणि मला तो भरवत नव्हता. शेवटी वडिलांनीच डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

कौलारू (कर्वेनगर)

निर्मळ वाट यांनी शरीराचे सांगितले, मी मनाविषयी थोडे लिहितो. मी तज्ज्ञ नाही. मुलगी मतिमंद आहे हे स्वीकारताना मला ज्याचा आधार मिळाला तेवढेच सांगतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठीतून रुजवली. तिचा गाभा असा, की माणसाने तीव्र इच्छा बाळगायला हरकत नाही, पण इच्छेची जेव्हा मागणी होते तेव्हा दुःखाचे रूपांतर यातनेत होते. आपल्या भाषेत हा फरक एका अक्षरात मावतो. ‘हे जिना उतरावेत’ ही इच्छा आहे. ‘हे जिना उतरलेच पाहिजेत’ यात ‘च’ आला, आणि तो आल्याबरोबर न उतरलेला प्रत्येक दिवस पराभवाचा दिवस झाला. मी पुष्कळ दिवस एका वहीत माझी वाक्ये लिहून त्यातला ‘च’ खोडत असे. इच्छा खोडायची नाही, फक्त ‘च’ खोडायचा. मुलीने मला हाक मारावी ही इच्छा मी अजूनही खोडलेली नाही.

नातेवाईक जे ‘नक्की होणारच’ म्हणतात, त्यातही तोच ‘च’ आहे. तो प्रेमातून येतो, तरी त्याने तुमच्यावर आणि यजमानांवर ओझेच पडते. ‘व्हावे असे आम्हालाही फार वाटते’ एवढेच म्हणा, असे त्यांना सांगून पाहा. माझ्या बहिणीने ते ऐकले. काकांनी नाही ऐकले.

आणि स्वीकार एका दिवसात होऊन जातो असे समजू नका. मला १९ वर्षे झाली. मुलीच्या वयाची मुले दहावीला बसली त्या मार्च महिन्यात मला सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

डावखुरा (चिंचवड)

हा प्रतिसाद लिहायला मला दोन दिवस लागले आहेत, कारण डाव्या अंगठ्याने टंकतो आणि मधेच शब्द हरवतात. चार वर्षांपूर्वी मला असाच झटका आला. मी कारखान्यात टर्नर होतो. वाचा बरीचशी परत आली, उजवा हात आला नाही. त्यामुळे अबोलीताईंच्या यजमानांच्या बाजूने कोणीतरी बोलावे म्हणून लिहितो. अर्थात मी त्यांना ओळखत नाही आणि प्रत्येकाचे वेगळे असते.

काय गेले आहे हे मला घरातल्या सर्वांच्या आधी कळले होते. हात माझाच होता. रात्री दिवा घालवल्यावर मी मनातल्या मनात बोट हलवायचो आणि ते हलायचे नाही, हे मी शेकडो वेळा करून पाहिले होते. मी वाट पाहत होतो ती घरच्यांना कळण्याची. माझी पत्नी रोज सकाळी चहा देताना आधी माझ्या बोटांकडे पाहायची आणि मग माझ्याकडे. ती नजर क्षणभराची असायची, पण दिवसाची सुरुवात माझ्या नापास होण्याने व्हायची. तिला दुखवायला नको म्हणून मी व्यायाम करताना खोटा उत्साह दाखवायचो. ती मला दुखवायला नको म्हणून खोटा उत्साह दाखवायची. असे आम्ही दोघे एकाच खोलीत एकेकटे होतो.

आठव्या महिन्यात तिने विचारले, ‘स्कूटर विकूया का?’ मी खूप रडलो. तीही रडली. पण बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने आधी माझ्याकडे पाहिले.

ताई, तुम्ही विचारता की ते खचतील का. मला स्कूटर गेल्याने खचायला झाले नाही. मला खचायला झाले होते ते घरात माझ्याविषयीचे निर्णय माझ्या डोक्यावरून बोलले जायचे तेव्हा. तुमच्या प्रश्नात मुलगा काय म्हणतो ते आहे, तुम्ही काय म्हणता ते आहे. घर बदलायचे का, हे त्यांना विचारले आहे का? शब्द नसले तरी विचारता येते. दोन्ही घरांची छायाचित्रे समोर ठेवा, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, होकाराला अंगठा वर आणि नकाराला खाली असे ठरवा, आणि विचारल्यावर मनात २० पर्यंत आकडे मोजा. माणसे पाचालाच दुसरा प्रश्न विचारतात. आणि मग आमचे पहिले उत्तर वाटेतच राहते.

निर्मळ वाट यांनी एक लिहायचे राहिले आहे, ते मी लिहितो. झटक्यानंतर साधारण दर तीन रुग्णांतल्या एकाला नैराश्य येते. मला आले होते आणि औषध घ्यावे लागले. ते गप्प असतील, भिंतीकडे तोंड करून पडून राहत असतील, तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

निर्मळ वाट (कोथरूड)

डावखुरा यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, ते माझ्या लिहिण्यातून सुटायला नको होते. एकच जोड देते. वाचाघातात कधी कधी ऐकलेले समजण्यातही अडचण असते, त्यामुळे तोच प्रश्न काही वेळाने छायाचित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारावा आणि उत्तर तेच येते का ते पाहावे.

अबोली (सहकारनगर, पुणे)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर झाला याबद्दल क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले, काही मुलाला वाचून दाखवले. डावखुरा यांचा प्रतिसाद वाचल्यावर दोन दिवस मला काही सुचले नाही, कारण मी यांना खरोखरच विचारले नव्हते. १४ महिने मी त्यांच्या वतीने झगडत होते, आणि त्यांना काय हवे हे मला माहीतच आहे असे धरून चालले होते.

मुलाने दोन्ही घरांची मोठी छायाचित्रे काढून आणली. मी ती पलंगावर समोर ठेवली, ‘राहायला कुठे?’ एवढेच विचारले आणि मनात आकडे मोजत बसले. १४ की १५ झाले असतील, तेवढ्यात त्यांनी डावा हात तळमजल्याच्या अंगणाच्या छायाचित्रावर ठेवला. संध्याकाळी जागा बदलून पुन्हा विचारले. त्यांनी थोडे त्रासून, जणू एकदा सांगितले ना अशा नजरेने, पुन्हा तेच उचलले आणि माझ्या हातात दिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसून रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. आजारानंतर मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच रडले.

मागच्या सोमवारी मामा आल्यावर मी पर्वतीला जाऊन आले. एकटीच. मधल्या टप्प्यावर बसावे लागले, माझाही सराव गेला आहे. वर देवापुढे उभी राहिले तेव्हा काय बोलावे ते सुचेना, म्हणून नुसता नमस्कार केला. घरी आल्यावर यांना प्रसाद दिला. त्यांनी बोटाने वरच्या दिशेला खूण केली, मी ‘हो, पर्वती’ म्हटले, आणि त्यांनी ‘पर्वती’ म्हटले. तो शब्द त्या दहा-बारांत नव्हता. त्यानंतर तो पुन्हा आलेला नाही, आणि तो यावा म्हणून मी त्यांना छळत नाही.

टेबल मी आवरले. म्हणजे त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन, एकेक कागद दाखवत, त्यांच्या खुणेप्रमाणे आवरले. मोडी लिहिताना आधी पानावर सलग आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहितात, हे त्यांनीच मला कधी सांगितले होते. उजवा हात कागदावर ठेवून मी डाव्या हातात जाड पेन्सिल दिली. त्यांनी रेघ ओढली. ती वाकडी होती. मग तिच्याखाली दुसरी, तिसरी, अशा सात रेघा ओढल्या आणि थांबले. अक्षर एकही लिहिले नाही. आता रोज दुपारी एक पान रेघांचे होते. वाचाउपचार देणाऱ्या ताईंनी ती पाने जपून ठेवायला सांगितली आहेत.

प्रमाणपत्राचा अर्ज आणला आहे, अजून भरलेला नाही.

नव्या जागेचा करार झाला आणि एक तारखेला ताबा मिळेल. दारापुढे तीनच पायऱ्या आहेत आणि कठडा एका बाजूलाच होता, त्यामुळे मालकांची परवानगी घेऊन दुसऱ्या बाजूचाही बसवून घेत आहोत. काल फॅब्रिकेशनवाल्याला दोन्ही बाजूंची मापे दिली. उंची किती ठेवायची असे त्याने विचारले, तेव्हा मुलाने घरी फोन लावला, मामांनी यांना काठी धरून उभे केले आणि जमिनीपासून डाव्या मनगटापर्यंत टेप लावून उंची सांगितली.